आखणी

गणराया, तुझे डोळे माझे बाबा आखायचे.

पेणजवळ हमरापूरच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमधल्या मूर्तींच्या एका कारखान्यात ते कामाला होते. अंगाचा रंग मारणारे वेगळे, सोनेरी काम करणारे वेगळे; डोळे मात्र ठरलेल्या दोघातिघांनीच आखायचे. आषाढ लागला की रात्री अकरा-अकरा वाजायचे. तुला हे मी काय सांगणार, त्या वेळी त्यांच्या नाकासमोर तूच असायचास. करंगळी तुझ्या गालाला टेकवून, श्वास धरून, बारीक ब्रशने एका दमात रेघ ओढायची. चुकली तर पुसून पुन्हा ओढता येते, पण मग नजर बसत नाही, असं बाबा म्हणायचे. आखणी झाली की कारखान्यातली माणसं त्या मूर्तीकडे पाठ करून बसत नसत. तोवर ती माती असायची, त्यानंतर ती बघत असायची.

मग ब्रश धुऊन बाबा सायकलवर बसायचे आणि हायवेच्या साईडपट्टीवरून घरी यायचे. साडेतीन किलोमीटर.

श्रावण होता. मी नववीत होते. रस्ता तेव्हा दुपदरी, राष्ट्रीय महामार्ग सतरा. पाऊस थांबला होता, पण साईडपट्टी वाहून गेली होती. डांबराची कड आणि खालची माती यांत वीतभर पायरी पडलेली. सायकल डांबरावरच ठेवावी लागायची. मागून आलेल्या गाडीने बाबांना उडवलं. कोणती गाडी, कोणाची, आम्हाला कधीच कळलं नाही. ती थांबली नाही.

हात शाबूत राहिला. उजवा पाय मांडीत मोडला, दोन ऑपरेशनं झाली आणि तो दोन बोटं आखूड झाला. दवाखान्यात आई तुझ्या तसबिरीपुढे उभी राहून म्हणत होती, देवा, हात राखलास रे. मला मात्र तुझे आभार मानता आले नाहीत. आज खरं सांगते, त्या रात्री मी तुला विचारलं होतं: ज्यांनी दिवसभर तुला नजर दिली, त्यांच्याकडे त्या वेळी तू का नाही बघितलंस?

तू काही बोलला नाहीस. पण नंतर एक गोष्ट कळली. अलिबागकडून भाजी घेऊन पनवेलला निघालेल्या एका टेम्पोच्या क्लीनरला रस्त्याकडेच्या गवतात सायकलचं चाक दिसलं. त्याने ड्रायव्हरला टेम्पो उलटा वळवायला लावला, बाबांना गोणींवर आडवं ठेवलं, पेणच्या दवाखान्यात आणून सोडलं आणि पोलीस यायच्या आधी निघून गेला. तेव्हा जखमीला आणणाऱ्याच्याच मागे चौकशी लागायची. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यातही आलं. आज जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. त्या पोराच्या पाठीशी त्या रात्री यातलं काहीच नव्हतं. भीती तेवढी होती, आणि तरी तो थांबला. त्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही, तुला ठाऊक असेल. तो असेल तिथे त्याला सुखात ठेव. बाकीचं मागणं मग मागेन, आधी हे.

पंचनाम्याच्या वेळी कोणीतरी म्हणालं, सायकलवाला आडवा आला असणार. तो शब्द माझ्या कानातून गेला नाही. तेव्हापासून या रस्त्यावर मी तो ऐकतेच आहे. म्हातारी आडवी आली. पोर आडवं आलं. मोळीवाली आडवी आली. देवा, तू इथलाच आहेस, तूच सांग कोण कोणाच्या आडवं आलं. खारेपाटातली गावं, डोंगराच्या अंगाला असलेल्या ठाकूरवाड्या, कातकरवाड्या या रस्त्याच्या कितीतरी आधीच्या. रस्ता त्यांच्यामधून गेला. घर अलीकडे राहिलं, शेत पलीकडे. शाळा अलीकडे, मसणवट पलीकडे. आवणात बाया रोपांच्या मुठी घेऊन कडेला थांबायच्या आणि दोन गाड्यांच्या मधली फट बघून पदर सावरत पळायच्या. लाल मातीने भरलेले पाय, डोक्यावर इरलं, मागून येणारी गाडी इरल्याआड दिसायची नाही.

मग २०११ साली या रस्त्याचं पळस्पे ते इंदापूर ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण सुरू झालं. त्याला लागलेली वर्षं तू मोजली असशील. तेव्हा वळवलेल्या रस्त्यांवरून, अर्ध्यावर थांबलेल्या पुलांखालून, खणून ठेवलेल्या चरांच्या काठाने माणसं चालत राहिली. गाड्या कुठून जातील याचे बाण होते. पायी जाणाऱ्याने कुठून जावं याचा बाण मला एकदाही दिसला नाही.

तू बुद्धीचा देव आहेस, म्हणून तुझ्यापुढे साधा हिशेब मांडते. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर कापते. डोक्यावर मोळी घेतलेल्या म्हातारीला एका बाजूचे दोन पदर आणि कडेची पट्टी ओलांडून दुभाजकापर्यंत पोचायला दहा-बारा सेकंद लागतात. म्हणजे ती पहिलं पाऊल टाकते तेव्हा अडीचशे मीटर लांब असलेली गाडी, ती दुभाजकाला हात लावायच्या आत तिथे पोचलेली असते. वळणावर अडीचशे मीटर दिसत नाहीत. पावसात तर नाहीच. आणि दुभाजकाशी पोचली तरी अजून अर्धा रस्ता तिच्यापुढे असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला, तर तिची समोरून धडक बसलेला पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो. पंधरा किलोमीटरचा फरक. घाईतल्या माणसाला तो काट्यावर दिसतही नाही.

आणि आज त्या घाईतल्या माणसांत मी आहे.

माझं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. कोलाडच्या अलीकडे एका शाळेत मी शिकवते. शनिवारी शाळा सुटली की गाडी काढून आईबाबांकडे जाते. खांब, सुकेळी, वाकण, नागोठणे, वडखळ असा रस्ता. गेल्या आषाढात सुकेळी खिंडीत जोराची सर आली. वायपर पुरेना. समोर एकदम एक सायकल. मागे लाल दिवा नाही, अंगावर काळं प्लास्टिक. मी ब्रेक दाबला आणि दाबता दाबताच हॉर्नवर हात ठेवला, तो काढलाच नाही. तो माणूस सायकलसकट खाली चिखलात उतरला, पाय रोवून उभा राहिला आणि माझ्याकडे बघितलं. त्याने काहीही म्हटलं नाही. मी काच खाली केली नाही. पुढे वाकण फाटा येईपर्यंत माझ्या तोंडात एकच शब्द होता: आडवा आला.

गणराया, माझ्या तोंडून तो शब्द आला. मी, त्या बाबांची मुलगी.

वाकणला डावीकडे गाड्या थांबतात तिथे मीही थांबले. तिथून उजवीकडे पालीचा रस्ता लागतो, तुझ्या बल्लाळेश्वराचा. तिकडे तोंड करून हात जोडावेत असं वाटलं, पण जोडले गेले नाहीत. आज जोडते. त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही, प्लास्टिकखालचे डोळे आठवतात. त्याची क्षमा मला मिळवून दे. आणि माझ्या पायाखालचा तो लोखंडाचा तुकडा, ज्याला आम्ही ॲक्सिलरेटर म्हणतो, तो माझ्या पायाला जड लागू दे.

तुझं स्वतःचं चालणं तुला आठवतं ना? जोहे, कळवे, हमरापूर इथून तू निघतोस तेव्हा टेम्पोत खाली पेंढा घालतात, मूर्तींच्या मधे कागद, कापड कोंबतात. ड्रायव्हर खड्डा दिसला की जवळजवळ थांबतो. मागच्या गाड्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी तो घाई करत नाही, कारण तुझ्या एका बोटाचा टवका उडाला तर ती मूर्ती कोणी घरी नेत नाही. तुझ्यासाठी सरकारही जागं होतं. चाकरमानी निघायच्या आधी खड्डे बुजवले जातात, अवजड गाड्यांना काही दिवस हायवेवर बंदी होते, ठिकठिकाणी पोलीस उभे राहतात, रात्रीची पथकं फिरतात. ते सगळं होतं हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघते, म्हणून ते होऊ शकतं हे मला ठाऊक आहे. तू गेलास की आठवड्याभरात पथकंही जातात. दिवाळीत, पौषात, चैत्रात त्याच रस्त्याने बाया ताडगोळे, करवंदं, पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन कडेला बसलेल्या असतात, पोरं शाळेत जात असतात. तीही मातीचीच आहेत रे बाप्पा. टवका उडाला तर त्यांनाही कोणी जोडून देत नाही.

या मातीने चालणारी माणसं दिली. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या मुलाचं नाव तुझंच ठेवलं होतं, विनायक. त्यांना पुढे सगळा देश विनोबा म्हणू लागला. १९५१ पासून तेरा वर्षं ते भूदानासाठी पायी फिरले, पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात निघायचे. रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या माणसांनी भक्तिफेरीत खेडी पालथी घातली. पायी जाणं म्हणजे गाडी परवडत नाही एवढंच नव्हे, हे आमच्याकडे शिकवावं लागत नव्हतं. वारीला निघालेल्याच्या पाया पडतात, तो कोणत्याही घरचा असो. पण १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात नामदेव महाराजांच्या दिंडीत जेसीबी घुसला. पंढरपूरहून आळंदीला निघालेली ती दिंडी होती, आणि गेलेल्यांत नामदेवांचे सतरावे वंशज सोपान महाराज नामदास होते. मुखात नाम असलेला माणूसही आता रस्त्याच्या कडेला सुरक्षित नाही. विनोबा आज गागोद्याहून निघून हायवेला लागले असते तर कंदील घेऊन पुढे चालणाऱ्याला काय सांगितलं असतं, याचा मी कितीदा विचार करते.

धावीर महाराज, तुमच्याशीही बोलायचं आहे. माहेरच्या देवाला मी अरे-तुरे करते, तुम्ही सासरचे, तुम्हाला अहो. दसऱ्यानंतर तुमची पालखी निघते, सशस्त्र पोलीस तुम्हाला मानवंदना देतात आणि मग सगळं रोहा तुमच्या मागे चालतं. तेवढा वेळ गावातले रस्ते माणसांचे असतात. गाड्या गल्लीच्या तोंडाशी थांबतात, कोणी हॉर्न वाजवत नाही, लहान मुलं बापाच्या खांद्यावर झोपून जातात. मी लग्न होऊन आले त्या वर्षी हे बघून मला रडू आलं होतं. सासूबाईंना वाटलं माहेरची आठवण आली. तसं नव्हतं. रस्त्याच्या मधोमध मी निर्धास्त चालत होते, असं फार वर्षांनी झालं होतं.

महाराज, तुमच्या गावाबाहेर धाटावची एमआयडीसी आहे. पाळी सुटते तेव्हा कोलाड रस्त्याने सायकली निघतात. समोरून टँकर येतात. त्यांचे दिवे थेट डोळ्यांवर, कोणी डिपर देत नाही. सायकलवाला काही क्षण आंधळा होतो आणि अंदाजाने चाक धरून ठेवतो. कुंडलिकेच्या काठच्या गावांतले हे बाप्ये, कुणाच्या हँडलला डबा, कुणाच्या कॅरिअरला पोराची वह्यांची पिशवी. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. रेल्वेचं फाटक असलं की एका गाडीसाठी माणूस बसवतात, तो फाटक लावतो, बावटा धरतो. आणि जिथे दर दोन-चार सेकंदांनी गाडी जाते तिथे ओलांडणाऱ्यासाठी कोणी नसतं. हे मला कळत नाही. रागाने म्हणत नाही, खरंच कळत नाही.

देवांनो, २०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. रोजची नव्वद. शाळेत हजेरी घेताना दोन वर्गांची मिळून साधारण नव्वद नावं होतात. मी एकदा ती मोठ्याने वाचताना थांबले, पुढचं नाव घेववेना.

धडक देऊन पळालेल्या गाडीमुळे कोणी गेलं तर घरच्यांना आता दोन लाख रुपये मिळतात, गंभीर जखमीला पन्नास हजार. २०२२ च्या एप्रिलपासून. पूर्वी पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. बाबांच्या वेळी ते साडेबारा हजार असतात हेच आम्हाला कोणी सांगितलं नाही. आईने मंगळसूत्राच्या वाट्या तेवढ्या ठेवल्या आणि बाकीचं सोनं दिलं. ज्या घरावर अशी रात्र येईल त्या घराला निदान हे सांगणारं कोणी भेटू दे, तलाठी असो, शिक्षक असो, पोलीस असो. मी माझ्या वाटणीचं सांगत जाईन.

२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चालण्याजोगा पदपथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते वाचून बाबांनी चष्मा काढला आणि विचारलं, आपल्या इथेपण का? मी हो म्हटलं. मला हो म्हणायला लावलंस, तर आता ते खरं करायची बुद्धी ज्यांच्या हातात आहे त्यांना दे.

गणराया, माझ्या मनातलं खरं मागणं इथे आहे. आमच्या भाषेत मूर्तीचे डोळे रेखाटण्यालाही आखणी म्हणतात आणि रस्त्याची रेघ ठरवण्यालाही आखणीच. कागदावर रस्ता आखणाऱ्या इंजिनिअरच्या हाताला बाबांच्या हातासारखी धीराची रेघ दे. त्याने ती ओढण्यापूर्वी एकदा त्या गावातून पायी जावं, सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर. पादचारी पूल बांधला तर मोळी घेऊन त्याच्या पन्नास पायऱ्या चढवतील का, हे त्याने एकदा मोळी उचलून बघावं. खालून भुयारी रस्ता काढला तर पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचू नये. सेवारस्ता मधेच संपू नये. गावाच्या तोंडाशी गाड्यांचा वेग आपोआप उतरेल असं काही त्याला सुचू दे, आणि तिथे रात्रीचा दिवा असू दे, जो बिल थकलं म्हणून बंद होणार नाही. हॉलंडमध्ये १९७० च्या दशकात मुलं गाड्यांखाली जायला लागली तेव्हा आईबाप रस्त्यावर येऊन बसले आणि तिथल्या सरकारने सायकलींसाठी वेगळे रस्ते बांधायला घेतले. तिथेही आधी सगळं गाड्यांसाठीच चाललं होतं. म्हणजे हे माणसांना जमतं. आमच्या आयाबापांच्याही पायात तेवढं बळ दे.

ट्रक चालवणाऱ्याला झोप दे. तो वाईट नसतो, त्याला चोवीस तासांत दोन फेऱ्या करायच्या असतात. त्याच्या मालकाच्या मनात दया घाल. मुंबईहून मोटरसायकलवर गावाला निघालेल्या पोरांना खोपोलीच्या, कर्नाळ्याच्या वळणावर आईची आठवण येऊ दे. दारू प्यालेल्याच्या हातून किल्ली हरवू दे. माझ्या वर्गातल्या मुलामुलींच्या सायकलींना मागे लाल काच लावायला मी यंदा सुरुवात केली आहे, अठ्ठावीस झाल्या, बाकीच्यांना पुरतील एवढे पैसे जमू देत.

आणि जे गेले, ज्यांच्या फोटोला हायवेच्या कडेच्या घरांत हार आहेत, त्यांना तुझ्याजवळ घे. त्यांना कोणी आडवं म्हणू नये.

बाबा अजून डोळे आखतात. कारखान्यातून मूर्ती घरी आणून देतात, ते ओटीवर स्टुलावर बसतात, आखूड पायाखाली लाकडी पाट. मात्र संध्याकाळ झाली की ब्रश ठेवतात आणि मी पोचले असा फोन येईपर्यंत काही करत नाहीत. परवा मी म्हटलं, बाबा, मी काळजीने चालवते हो. ते म्हणाले, तुझी नाही गं काळजी. तुझ्या गाडीसमोर कोण असेल त्याची.

आज मी रोह्यात आहे. बाहेर पाऊस धरून बसलाय, लाईट दोनदा गेली. धाटावची दुसरी पाळी आता सुटली असेल. ते सगळे निघाले असतील, डोक्याला प्लास्टिक गुंडाळून. महाराज, गणराया, ते घराच्या पडवीत सायकल टेकवेपर्यंत डोळे मिटू नका.